भरलेलं गाव

“उद्या ते लोक येतील तेव्हा तुम्ही घरात थांबायचं नाही, मावशी,” शेरिलीन म्हणाली आणि टेबलावरची चहाची किटली उचलून तिने सरळ कपाटात ठेवली. “ही किटली, त्या औषधांच्या बाटल्या, काकांचा खुंटीवरचा कोट, यातलं काहीही दिसता कामा नये.”

“कोटानं काय घोडं मारलंय त्यांचं?”

“अहो, घर बघणाऱ्याला मोकळं घर लागतं. आपलं सामान कुठं बसेल ते मनातल्या मनात मांडून बघायचं असतं त्यांना.”

ड्रूसी पेलीला हे काही पटले नाही. आपल्या घरी कुणी यायचे आणि आपण चहासुद्धा विचारायचा नाही, हा कुठला शहाणपणा? पण शेरिलीनचा घरे विकण्याचा धंदा होता आणि ती दोन तासांवरच्या क्लॅरनव्हिलहून स्वतः गाडी हाकत आली होती. तीन उन्हाळे दारासमोर पाटी रोवूनही जे घर खपले नाही, त्यासाठी ती अजून खेपा घालत होती हेच खूप होते. दुसरे कुणी केव्हाच हात झटकून मोकळे झाले असते.

“या महिन्यात व्हायला हवं गं,” ड्रूसी म्हणाली. “खोलीचं माहीत आहे ना तुला?”

“माहीत आहे हो. महिनाअखेरपर्यंत धरून ठेवू म्हणालेत ते. त्यापुढं नाही.”

ती खोली क्लॅरनव्हिलला होती, म्हाताऱ्या माणसांसाठी बांधलेल्या एका इमारतीत. खोलीच्या खिडकीतून रस्त्यापलीकडचा दवाखाना दिसायचा, आणि त्या दवाखान्यात तीन हिवाळ्यांपासून हेडली होता. ड्रूसीचा नवरा. त्याच्या डोक्यातून एकेक गोष्ट निघून चालली होती. आधी कुत्र्याचे नाव गेले, मग होडीचे, मग अल्बर्टात तेलाच्या खाणीवर असलेल्या मुलाचे. मर्सर्स कोव्ह या त्यांच्या गावाहून, गावातल्याच युजीनच्या व्हॅनमध्ये जागा मिळाली आणि रस्ता बरा असला, तर ड्रूसीला आठवड्यातून एकदा त्याच्याकडे जाता यायचे. थंडी पडली, बर्फाने रस्ता धरला, की तेही नाही. मागच्या खेपेला तो तिच्याकडे बराच वेळ बघत राहिला आणि मग “ड्रूसी” म्हणाला. तो मधला वेळ तिच्या काळजात रुतून बसला होता. रोज समोर जाऊन बसले तर तो आपल्याला विसरणार नाही, असे तिने धरून ठेवले होते. कुठल्या डॉक्टरने तिला तसे सांगितले नव्हते, पण तसे नाही असेही कुणी म्हटले नव्हते. घर विकले जाईल तेव्हाच खोलीचे भाडे भरता येणार होते. सगळे येऊन अडले होते ते तिथे.

शेरिलीनची गाडी वळणाआड गेली न गेली तोच मागचे दार ढकलून शेजारची मिर्टल स्नूक आत आली. दारावर टकटक करण्याची पद्धत या गावात फक्त पोलीस आणि पाद्री पाळत.

“काय म्हणत होती ती उंच टाचांच्या बुटांची?”

“उद्या येतायत. ऑन्टॅरिओकडची नवराबायको. मी घरात थांबायचं नाही म्हणे.”

“का? चावतेस का तू?” मिर्टलने कपाट उघडून किटली बाहेर काढली आणि शेगडीवर ठेवली. “ऐक. मी तुला दोन वर्षं सांगतेय, खोट घरात नाहीच आहे. तो पहिला माणूस आठवतो? गाडीतून उतरला, इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि मला काय विचारलं त्यानं?”

“इथं कुणी राहतं का.”

“इथं कुणी राहतं का! मी तिथं ढळढळीत उभी असताना! म्हटलं, राहतं म्हणजे? आम्ही काय भुतं आहोत? तो जो गेला तो गेलाच. का? तर निम्मी घरं बंद. धुराड्यांना धूर नाही. माणसाला वाटणारच, मेलेल्या गावात कशाला घर घ्या.”

ड्रूसीने मान डोलावली. खोटे काय होते त्यात? माशांचा कारखाना बंद पडला तेव्हा तिच्याबरोबर टेबलाला उभ्या राहून कॉड मासे साफ करणाऱ्या बायकांपैकी आता गावात ती आणि मिर्टल दोघीच उरल्या होत्या. बाकीच्यांच्या घरांच्या किल्ल्या मिर्टलच्या चुलीशेजारी खिळ्याला लटकत होत्या. पाइप गोठले का, छप्पर उडाले का, हे बघायला कुणीतरी लागते.

“किती वाजता येणार?” मिर्टलने विचारले.

“अकराच्या सुमारास.”

“हं,” म्हणून मिर्टल उठली आणि चहा अर्धा टाकून निघून गेली. असे आजवर कधी झाले नव्हते.

दुसऱ्या दिवशी आकाश निरभ्र होते आणि खाडीवरून छान वारा सुटला होता. ड्रूसीने हेडलीचा कोट पलंगाखालच्या पेटीत घातला, औषधे पिशवीत भरली, आणि चोरासारखी आपल्याच घराच्या मागच्या दाराने बाहेर पडून मिर्टलकडे गेली. मिर्टल घरात नव्हती. ड्रूसी स्वयंपाकघरातल्या खिडकीपाशी बसली आणि तिने बाहेर पाहिले.

आधी तिला काही उमगेना. बर्ट रीडला जाऊन पाच वर्षे झाली होती, आणि त्याच्या घराच्या धुराड्यातून धूर निघत होता. मूअर मंडळी दूर अल्बर्टात फोर्ट मॅकमरीला जाऊन राहिली होती, त्यांच्या अंगणातल्या तारेवर चादरी फडफडत होत्या. त्या पलीकडच्या घराबाहेर उशांचे अभ्रे, टॉवेल, मुलांचे मोजे. त्याच्याही पलीकडे कपडे. टेकडीवरच्या पार शेवटच्या घरापर्यंत एकही तार रिकामी नव्हती. आणि सगळे कसे रीतीने वाळत घातलेले! पांढरे पुढे, रंगीत मागे, मोजे जोडीजोडीने. ही मिर्टलची करणी. तिला घाईतही मोज्यांची जोडी फुटलेली खपत नसे. पुरुषांचे कपडे मात्र कमी पडले असावेत. ॲम्ब्रोजच्या त्याच त्या लाल लोकरी विजारी चार घरांपुढे वाटून टाकल्या होत्या. चाळीस वर्षे एकटा राहिलेला तो म्हातारा आज चार संसारांचा धनी झाला होता, आणि खाली किनाऱ्यावर एका उलट्या होडीवर उगीचच हातोडी ठोकत बसला होता.

ड्रूसीला हसू आले आणि हसता हसता रडू आले. तरुणपणी सोमवारी, धुण्याच्या दिवशी, सकाळी कारखान्याची शिटी होण्यापूर्वी गाव असेच दिसायचे. ते परत कधी दिसेल असे तिला वाटले नव्हते. ही जेमतेम वीस म्हातारी माणसे पहाटेपासून त्या थंडगार घरांत चुली पेटवत हिंडली असतील, स्वतःच्या कपाटातले धुतलेले कपडे पुन्हा ओले करून वाळत घातले असतील, आणि कुणी तिला एका शब्दाने कळू दिले नव्हते. इतकी माया आपल्या वाट्याला आहे, आणि आपण हे गाव सोडून जायला निघालो आहोत, या विचाराने तिला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

अकराला निळी गाडी आली. शेरिलीन पुढे झाली, मागून एक उंच, पिकल्या दाढीचा माणूस आणि त्याची लहानखुरी बायको. दोघे अंगणात थांबून बराच वेळ आजूबाजूला पाहत राहिली. ॲम्ब्रोजने होडीवरून टोपी हलवून आरोळी ठोकली, “या या! चांगली हवा घेऊन आलात!” मग ती दोघे आत गेली. घर बघून बाहेर येतात तो मिर्टल काकवीच्या पावांची ताटली घेऊन फाटकात उभीच. तिच्या मागे आणखी तिघीजणी. काय बोलणे झाले ते ड्रूसीला ऐकू आले नाही. पण ती बाई हसत होती, दाढीवाल्याने पाव खाल्ला, मान डोलावली. जाताना त्याने गाडीच्या काचेतून हातसुद्धा हलवला.

“पडलं पदरात!” मिर्टल धापा टाकत आत आली. “पाव दोन खाल्ले त्यानं. दोन! घर घ्यायचं नसलं तर कुणी शेजारणीचे दोन पाव खाईल का? सांग तूच.”

“तुम्ही सगळ्यांनी हे…”

“गप. डोळे पूस आधी. आता खालच्या घरांच्या चुली विझवायला जायचंय, नाहीतर आग लागेल कुठं तरी.”

त्या रात्री ड्रूसीने पेटीतून कोट काढला नाही. लवकरच बांधाबांध करायची आहे, असू दे तिथेच, असे तिला वाटले. फोन दुसऱ्या दिवशी दुपारी आला.

“मावशी, घर त्यांना फार आवडलं,” शेरिलीन म्हणाली, आणि तिचा आवाज ऐकूनच ड्रूसी खुर्चीवर बसली. “ती खिडकी, तो जिना, सगळं. पण…”

“पण काय?”

“त्यांना एकांत हवा होता हो. मीच सांगितलं होतं त्यांना, की गावात बहुतेक घरं बंद असतात, शांतता आहे. म्हणून तर इतक्या लांब आले होते ते. आणि इथं बघतात तर घराघरांतून धूर, कपडे, ठोकाठोकी. खूप गजबजलेलं आहे म्हणाले. माणसं चांगली आहेत, पण रोज कुणी ना कुणी दारात येईल. खाली दक्षिणेला एक वाडी आहे, पार ओस पडलेली. तिथलं घर घेतायत. काल काय होतं गावात? लग्नबिग्न होतं का?”

“नाही गं,” ड्रूसी म्हणाली. “धुण्याचा दिवस होता.”

फोन ठेवल्यावर तो पहिला माणूस आता तिला नव्याने आठवला. इथं कुणी राहतं का, हे त्याने भिऊन विचारले होते, असेच सगळे धरून चालले होते. त्याने आशेने विचारले असेल, हे कुणाच्या मनातही आले नव्हते. माणसे असलेल्या जागी माणसाला राहायचे नसते, हे मर्सर्स कोव्हमध्ये जन्म काढलेल्याला सुचावे तरी कसे?

मिर्टल संध्याकाळी आलीच. “आला का फोन? काय म्हणाले?”

ड्रूसीने तिच्याकडे पाहिले. ओल्या कपड्यांनी आणि थंड पाण्याने मिर्टलच्या बोटांचे सांधे सुजून लाल झाले होते. कारखान्यातले ते जुने दुखणे होते, थोडे निमित्त झाले की उलटायचे. खरे सांगितले असते तर पुढच्या गिऱ्हाइकाच्या वेळी गाव गप्प राहिले असते, घर कदाचित विकलेही गेले असते. एक वाक्य पुरे होते. पण ते वाक्य तिच्या तोंडून निघेना.

“जिना फार उभा आहे म्हणे,” ती म्हणाली. “बाईचे गुडघे दुखतात.”

“गुडघे!” मिर्टल उसळली. “पाव खाताना बरे नाही दुखले! अगं, गाव कसं वाटलं पण?”

“गाव फार आवडलं म्हणाले. किती भरलेलं आहे म्हणाले.”

“बघ!” मिर्टलचा चेहरा फुलला. “मी म्हटलं नव्हतं? पुढच्या वेळी कुणी येईल तेव्हा शाळेच्या अंगणातसुद्धा तार बांधायची. ॲम्ब्रोजला आणखी दोन विजारी घ्यायला लावते.”

“लाव,” ड्रूसी म्हणाली आणि तिच्या कपात चहा ओतला.

महिना संपेपर्यंत कुणी आले नाही. पुढल्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ड्रूसी युजीनच्या व्हॅनमधून क्लॅरनव्हिलला गेली. रस्त्यावर सकाळचा पातळ बर्फ होता. खिडकीत नवे निळे पडदे लागलेल्या त्या खोलीकडे न बघता ती रस्ता ओलांडून दवाखान्यात शिरली.

हेडली खिडकीशी खुर्चीत बसला होता. नर्सने त्याची दाढी छान केली होती. ड्रूसीला पाहून तो खुर्चीच्या हातांवर जोर देऊन अर्धवट उठला. बायको आल्यावर तो असा उठत नसे.

“या,” तो म्हणाला. “घर बघायला आलात का?”

अठ्ठेचाळीस वर्षांत त्याने तिला कधी ‘या’ म्हटले नव्हते. ती दारातच थांबली. मग पिशवी खाली ठेवून म्हणाली, “हो.”

“बरं केलंत. माझ्या बापानं बांधलंय, माझ्या हातचं काही नाही त्यात. पण पक्कं आहे. वारा कुठूनही येवो, आतला दिवा हलायचा नाही.”

“शेजार कसा आहे?”

“शेजार?” हेडली हसला. “अहो, तुम्हाला एकटं राहायला मिळेल तर शपथ.”

ड्रूसी एक पाऊल आत आली. “मग कधी देताय?”

त्याने तिच्याकडे जरा आश्चर्याने पाहिले, आणि अगदी सभ्यपणे, पाहुणीचे मन दुखू नये अशा बेताने मान हलवली. “विकायचं नाहीये हो. तुम्हाला कुणीतरी चुकीचं सांगितलं. माझी बायको राहते तिथं. ती कुठं जाईल?”

“खरं आहे,” ती म्हणाली. “मी आपलं उगीच विचारलं.”

“असू द्या, असू द्या. लांबून आलात, थंडीही आहे. बसा थोडा वेळ.”

आणि पायाने आपली खुर्ची मागे रेटून त्याने तिला खिडकीपाशी जागा करून दिली.