शेवटच्या ओळीतलं अक्षर

ताईच्या कॉम्प्युटरवर एक फाइल होती आणि त्या फाइलमध्ये चौऱ्याण्णव घरं होती. एकाहत्तर भरलेली, तेवीस रिकामी. भरलेल्या प्रत्येक घरात एकेक अक्षर बसलं होतं, काळंभोर, किंचित उजवीकडे झुकलेलं. रिकाम्या घरांत नुसती करडी चौकट. धाकट्याने घरं दोनदा मोजली, एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर. आकडा तोच आला.

ताईला जाऊन तेव्हा सात महिने झाले होते.

त्याची उंची सहा फुटांवर गेली, पदार्थविज्ञानाची पदवी हातात आली, तरी घरात तो धाकटाच राहिला होता. अक्षरांतलं त्याला फारसं काही कळत नव्हतं. ताईचं मात्र पोटच त्यावर होतं. अक्षरांचे नमुने बनवणाऱ्या एका ऑफिसात ती कामाला होती. परक्यांच्या लिप्यांसाठी तिने पुष्कळ फॉन्ट केले आणि मग एक दिवस तिच्या मनाने घेतलं की आता आपल्या लिपीसाठी एक करायचा.

त्यांची लिपी वाचणारी माणसं मोजकी. इंटरनेटवर ती लिपी उघडली की बऱ्याच फोनांवर एका ओळीत नुसते रिकामे चौकोन यायचे. ज्यांचं नशीब बरं, त्यांना कुठल्याशा मोठ्या कंपनीने केलेली अक्षरं दिसायची. जाड, एका उंचीची, इस्त्री करून घडी घातल्यासारखी. ताई त्यांना ‘सरकारी अक्षरं’ म्हणायची. तिला हवं होतं आईचं अक्षर.

आईने सारा जन्म पहिलीचा वर्ग शिकवला होता. ती लिपी वाचता येणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तरी ती आईच्या फळ्यावरून उचलली होती. निवृत्त होऊन वर्षं झाली, तरी दुकानदारापासून डॉक्टरपर्यंत सगळे तिला बाईच म्हणत. घराच्या मागच्या खोलीत अजून एक फळा होता. ताईने त्याच्यासमोर स्टँडवर कॅमेरा लावला आणि आईकडून प्रत्येक अक्षर पाच-पाच वेळा लिहून घेतलं. घ्यायची मात्र तिसरं. “पहिल्या दोनांत हात जागा होतो आणि शेवटच्या दोनांत कंटाळतो,” असं तिचं म्हणणं. “माझा हात कंटाळत नाही,” आई फणकारायची. “तुझ्यासारखी पोरं शिकवलीत मी. कंटाळले असते तर तेव्हाच पळून गेले असते.”

ती फाइल धाकट्याला दिली पट्टीने. पट्टी म्हणजे ताईच्या शेजारच्या टेबलावरची मैत्रीण. उंच, सरळसोट, आणि हातात कायम पारदर्शक फूटपट्टी, म्हणून ऑफिसात तिचं ते नाव पडलं होतं.

“क्रम कसला लावलाय हिने?” धाकट्याने विचारलं. “मुळाक्षरांचा तर दिसत नाही.”

“जास्त लागणारं आधी,” पट्टी म्हणाली. “आजाराचं कळलं त्याच आठवड्यात तिने क्रम बदलला. मिळेल तेवढा मजकूर गोळा केला, कुठलं अक्षर किती वेळा येतं ते मोजलं, आणि वरून सुरुवात केली. म्हणाली, मध्येच थांबावं लागलं तरी लोकांचं वाचणं अडायला नको.”

धाकट्याने पडताळून पाहिलं. हिशेब चोख होता. त्या एकाहत्तर अक्षरांत कुठल्याही पानाचे शंभरातले अठ्ठ्याण्णव भाग निघत होते. राहिलेली तेवीस म्हणजे कधीतरी लागणारी, पाहुण्यांसारखी.

मग तो यादीच्या तळाशी पोचला. शेवटच्या चौकटीखाली अक्षराचं नाव बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. ते वाचून त्याने खुर्ची मागे सरकवली.

“अगं, हे तर...”

“हो.” पट्टीने फूटपट्टी टेबलावर ठेवली. “तिच्या नावातलं पहिलं.”

ते अक्षर आता एका पक्ष्याच्या जुन्या नावात तेवढं उरलं होतं, आणि ताईच्या नावात. आईने हौसेने शोधून ठेवलेलं नाव होतं ते, वर्गात दुसऱ्या कुणाचं नसावं म्हणून.

“मी तिला म्हटलं होतं, बाई गं, आधी तुझं अक्षर काढून मोकळी हो,” पट्टी सांगत होती. “तर मलाच हसली. म्हणाली, माझं नाव टाइप करणार कोण? आई? आई टाइप करत नाही, हाक मारते.”

धाकटा उठला. फाइल घेऊन घरी आला आणि कामाला लागला.

काम त्याच्या स्वभावाला मानवलं. बावीस अक्षरं त्याने ताईच्याच अक्षरांच्या तुकड्यांतून जुळवली. एकाचा दांडा, दुसऱ्याचा गोल, तिसऱ्याची शेपटी. प्रत्येक रेघेची जाडी मोजली, कलाचा कोन मोजला, आणि कागदावर छापून आईसमोर धरलं. आईने ताई गेल्यापासून खडू हातात घेतला नव्हता, पण तपासायला ती नाही म्हणाली नाही. लाल पेन्सिल घेऊन बसायची.

“याचं पोट सुटलंय.”

“चार टक्क्यांनी कमी करतो.”

“टक्के तुझ्याजवळ ठेव. त्याला म्हणावं, पोट आत घे.”

किंवा, “हे उभं आहे की पडतंय? ठरव काय ते.” किंवा मग नुसतीच एक बरोबरची खूण, कोपऱ्यात, शाळेतल्यासारखी. तशी खूण मिळाली की धाकट्याला पहिलीत असल्यासारखा आनंद व्हायचा आणि लगेच आठवायचं की हा आनंद सांगायला घरात दुसरं कुणी नाही.

बावीस झाली. मग त्याने तेविसावं जुळवलं. वर छोटं वळण, मध्ये विळ्यासारखी कमान, आणि मागे फिरून दांड्याला टेकणारी शेपटी. तीन अक्षरांचे तुकडे, जोड कुठे दिसू नये इतके घासलेले. त्याने ते नेहमीसारखं आईपुढे ठेवलं.

आईने कागद उचलला, लांब धरला, जवळ धरला. लाल पेन्सिल खाली ठेवली.

“चुकलंय का?” त्याने विचारलं.

“चुकलं नाही. मन लावून काढलंयस.” तिने कागद उलटा करून परत दिला. “पण हे तिचं नाही रे. कुणाचंही असेल.”

“मग तू लिही. पाचदा नको, एकदाच लिही.”

“नाही.”

“आई, एक अक्षर आहे.”

“ते अक्षर मी शेवटचं दवाखान्यात लिहिलंय,” आई म्हणाली. “खिडकीतल्या माणसाने कागद पुढे केला, तिचं नाव लिहा म्हणाला. मी लिहिलं. मग म्हणाला, हे आम्हाला वाचता येत नाही, आमच्या लिपीत लिहा. ते मी खोडलं, धाकट्या. माझ्या हाताने खोडलं.”

ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडला. बराच वेळ नळाखाली भांडं काही आलं नाही.

इकडे ऑफिसात गोष्टींचं एक पान तयार होत आलं होतं. म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेल्या गोष्टी त्यांच्या लिपीत टाइप करून मुलांसाठी इंटरनेटवर ठेवायच्या, शाळा उघडायच्या आत. हा फॉन्ट त्यासाठीच होता. पानाच्या सगळ्यात खालच्या ओळीत लिहिलेलं होतं, ‘ही अक्षरं केली’ आणि पुढे ताईचं नाव.

फॉन्टमध्ये एखादं अक्षर नसलं की ब्राउझर ते दुसऱ्या फॉन्टमधून उचलून आणतो. ऑफिसात त्याला उसनं अक्षर म्हणत, आणि पान किती चांगलं झालं ते उसनी किती उरली यावर ठरायचं. पट्टीने चाचणी लावली. सगळ्या पानात मिळून एक उसनं निघालं. शेवटच्या ओळीत ताईच्या झुकत्या, हलक्या अक्षरांपुढे एक जाडजूड सरकारी अक्षर उभं होतं, दुसऱ्या शाळेचा गणवेश घालून वर्गात बसलेल्या पोरासारखं.

“तू जुळवलेलं घाल ना,” पट्टी म्हणाली.

“आईने नापास केलंय.”

“मग नाव दुसऱ्या लिपीत लिहू.”

“दवाखान्यासारखं?”

पट्टीला त्यातलं काही कळलं नाही, पण त्याचा चेहरा कळला. ती हळूच म्हणाली, “मग सध्या ती ओळच काढू या? पान तरी वेळेत उघडेल. तिला पान महत्त्वाचं होतं रे, नाव नव्हतं.”

ते खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच त्याला टोचलं. त्याने ओळ काढली. चाचणी पुन्हा लावली. उसनी शून्य. पट्टीने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि दोघांनीही एकमेकांकडे पाहायचं टाळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने ते पान आईला दाखवलं. आई स्क्रीनवर वाचायला कुरकुर करायची, पण त्या दिवशी ती बसली आणि बोट फिरवत वाचत राहिली. लांडग्याची गोष्ट वाचली, दोन बहिणींची वाचली, मध्येच हसली. तिचं स्वतःचं अक्षर, तिनेच लिहून दिलेलं, काचेमागून तिच्याकडे पाहत होतं. बोट तळाशी येऊन थांबलं.

“खाली काही नाही?”

“नाही.”

“कुणी केलं ते कुठे लिहिलंय?”

“काढलं ते. त्या एका अक्षरामुळे.”

आईने चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. पुन्हा तळाशी पाहिलं, जणू एवढ्यात काही उमटलं असेल.

“नाव नसलेली वही मी जन्मात तपासली नाही,” ती म्हणाली. “पोरं रडायची, पालक भांडायला यायचे. मी म्हणायचे, आधी नाव घाल, मग बघू. आणि हिने एवढं केलं आणि हिच्याच वहीवर नाव नाही?”

“आई, मी तुला म्हटलं होतं...”

“माहितीय काय म्हटलं होतंस. खडू कुठे ठेवलेत?”

खडू तिथेच होते, फळ्याखालच्या फळीवर, ताईने ठेवलेल्या डब्यात. स्टँडही तिथेच होता. त्याने कॅमेरा लावला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की जमिनीवर ताईने चिकटवलेले टेपचे तीन तुकडे अजून आहेत. स्टँडचे पाय त्यांवर नेमके बसले.

आई फळ्यासमोर उभी राहिली. खडू टेकवला आणि उचलला. परत टेकवला.

“एकटं नाही लिहिता येत मला ते,” ती पाठमोरीच म्हणाली. “ते नावातच येतं. नाव लिहू दे.”

“लिही.”

आणि बाईंची सवय अशी की फळ्यावर लिहायचं ते मोठ्याने म्हणत लिहायचं. वर्ग भरलेला असो वा रिकामा. ती म्हणाली ताईचं नाव, आणि लिहिलं. खाली सरकून परत म्हणाली, परत लिहिलं. त्या घरात ते नाव कित्येक महिन्यांत मोठ्याने कुणी घेतलं नव्हतं. ‘ती’, ‘तिचं’, ‘तिला’, एवढ्यावरच दोघांनी निभावलं होतं. तिसऱ्या वेळी आईचा आवाज वर चढला, मागच्या बाकापर्यंत पोचवायच्या हाकेसारखा. नाव घेऊन ती क्षणभर थांबली. मान जराशी वळलीही, दाराकडे. मग लिहिलं. चौथं. पाचवं.

धाकट्याने बटण दाबलं.

“झालं?”

“झालं.”

तिने डस्टर उचललं.

“राहू दे ना आई.”

“भरला फळा सोडून बाई वर्गाबाहेर जात नसतात,” ती म्हणाली आणि वरपासून पुसायला लागली. तिसऱ्या ओळीपाशी डस्टर थोडा वेळ थांबलं. मग तीही पुसली.

ऑफिसात त्याने फोटो मोठा करून पाचही अक्षरं वेगळी काढली आणि एकावर एक ठेवली. वरचं वळण जुळलं, कमान जुळली. शेपटी मात्र पाचही वेळा दांड्याला टेकायच्या आधी थांबली होती. केसाएवढी फट, लोटून ठेवलेल्या दारासारखी.

“हात थरथरला असेल,” पट्टी म्हणाली. “वय झालं त्यांचं. जोडून टाक.”

“थरथरला असता तर दर वेळी वेगळीकडे थरथरला असता.” धाकट्याने आकडे तिच्याकडे वळवले. “हे बघ. पाचही वेळा तीच जागा.”

“आधी कधी असं सोडलंय त्यांनी?”

त्याने एकाहत्तरच्या एकाहत्तर अक्षरांचे फोटो उघडून पाहिले. जिथे रेघ टेकायला हवी तिथे ती टेकलेलीच होती.

पट्टी पुढे वाकून पाहत राहिली. तिने फूटपट्टी उचलली, स्क्रीनवर त्या फटीला लावली, आणि न मोजताच परत ठेवली. “तिसरं घे,” ती म्हणाली.

त्याने तिसरं घेतलं, फटीसकट. शेवटच्या घरात बसवलं, खालची ओळ परत घातली आणि चाचणी लावली.

घरं चौऱ्याण्णव, रिकामं एकही नाही. पानावरची एकूण अक्षरं चार हजार तीनशे बारा. उसनी शून्य. चौऱ्याण्णवावं अक्षर एकदा, शेवटच्या ओळीत.