चैतूचा खांब

चैतूला गोळी लागली तेव्हा मी वीस पावलांवर मोहाच्या झाडामागे होतो. मारणाऱ्याला मी पाहिलं. ही गोष्ट मी कोणालाच सांगितली नव्हती. धानोऱ्याच्या पुढे आमच्या जंगलात पोलीसही येतात आणि आतले बंदूकवालेही येतात. त्या सकाळी दोघांची गाठ पडली आणि मोहफुलं वेचणारा चैतू मधे सापडला. गोळी कोणाची, हे दोघंही एकमेकांवर ढकलत होते. पाहणारा कोणी आहे असं कळलं असतं, तर एका बाजूने मला नक्की उचललं असतं.

आमच्या गावात मेलेल्या माणसाचा सागवानी खांब कोरतात. तो कसा जगला आणि कसा मेला, दोन्ही त्यावर यावं लागतं. वाघाने नेलेल्याच्या खांबावर वाघ असतो. हे काम मीच करतो. वर्ष भरायला आलं तेव्हा चैतूची आई सुकरी माझ्या अंगणात येऊन बसली.

"लच्छूभाऊ, मारनारा पन काढजा."

"टोपली काढतो, बाई. मोहाचं झाड काढतो. बंदूक कायले?"

"मंग का ताप आला व्हता त्याले? खोटा खांब नको मले. तुमाले भेव वाटत असन तर पटाशी इकडे द्या, मीच कोरीन."

मी कामाला लागलो. माझ्या बापाने, आज्याने कोरलेले लढणारे सगळे ताठ उभे आहेत, छाती पुढे, बाण ताणलेला. मलाही तसाच माणूस कोरता येत होता. दोनदा पटाशी लावली, दोनदा हात थांबला. मी पाहिलेला पोरगा उकिडवा बसला होता. पँट ओली झाली होती. डोळे गच्च मिटून त्याने बंदुकीचा चाप ओढला. चैतू त्याला मारायला आला नव्हता. पानं वाजली आणि पोरगा भ्याला, एवढंच. लढाया का होतात ते मोठ्या लोकांना ठाऊक. मला जे दिसलं तेच मी कोरलं. कोणत्या बाजूचा ते कळेल असे कपडे, टोपी मात्र कोरली नाही.

खांब उभारल्यावर आठवडाभरात पोलीस आले. त्यांच्या साहेबाने तो निरखून पाहिला.

"हा कोण रे बाबा?"

"मानूस आहे, साहेब."

"असा भेकड? मग त्यांचाच." तो हसला, फोटो काढला आणि गेला.

पाच दिवसांनी दुपारी आतले आले. त्यांच्या पुढाऱ्यानेही खांबाभोवती फेरी मारली. "आपला पोरगा असा बसत नाई. त्यांचाच आहे," म्हणाला आणि पाणी मागितलं. तांब्या देताना अर्धं पाणी माझ्याच पायावर सांडलं.

ते गेल्यावर सुकरी खांबाजवळ आली. कोरलेल्या चेहऱ्यावरून तिने बोट फिरवलं. मला वाटलं, सुटलो.

"लच्छूभाऊ, याचे डोये मिटले व्हते, हे तुमाले कसं ठावं?"

मी खांबाच्या बुडाशी माती दाबू लागलो.

"इतक्या जवळून पाह्यलं तुमी. आन वरीसभर माह्या घरासमोरून जात राह्यले."

ती मोठ्याने बोलत होती. ते लोक अजून नाल्यापलीकडे गेले नसतील. मी हात हलवून तिला हळू बोल म्हटलं. तिने आवाज कमी केला नाही.

"कोन व्हता?"

मी तिला घरात नेलं, दार लावलं आणि सांगितलं. इथे ते लिहीत नाही. दोन्ही बाजू अजून गावात येतात, आणि आता पाहणाऱ्याबरोबर ऐकणारीही आहे.