वळईतला राखणदार

हरिओमने पेंढी उपसायला कडब्याच्या रचलेल्या वळईत हात घातला आणि आतून फूस आली. तो असा मागे उडाला की दावणीचे दोन्ही बैल खाणं सोडून त्याच्याकडे बघत राहिले.

"आई, नाग हाय आत."

कडूबाई शेण भरत होती. तिने पाटी खाली ठेवली आणि वळईपाशी येऊन कान दिला. पुन्हा फूस आली. तुटक, दमा लागल्यासारखी. नागाचा फूत्कार एका दमात सरळ निघतो. हा श्वासाश्वासाला अडखळत होता. कडूबाईच्या माहेरी मेंढरं होती. मेंढरांमागे हिंडताना बाभळीच्या बुडाशी असा आवाज काढणारा काट्याचा उंदीर तिने कितीदा पदरात उचलला होता. भ्याला की तो अंगाचा काटेरी चेंडू करून फुसफुसतो, किडा सापडला की नाकाने सूं-सूं करतो आणि दुखावला तर लेकरासारखा किंचाळतो.

"नागच हाय," कडूबाई म्हणाली. "राखणदार आलाय बाबा. आता वळईला हात लावायचा न्हाई."

खोटं बोलताना तिचा आवाज तसूभरही हलला नाही. राधाकिशन व्यापारी त्याच दिवशी टेम्पो घेऊन कडबा उचलायला शिरूरहून येणार होता. कडबा गेला की बैल जाणार, बैल गेले की हरिओम बायकोला घेऊन चाकणला कंपनीत. मग घरात कडूबाई आणि चार भिंती. त्याची तिला फार भीती वाटत होती. हे चाकणचं खूळ सुनेनेच भरवलं, याबद्दल तिला शंका नव्हती. पोरगा तिचा, म्हणजे गरीब गाय. दोष जायचा तो उमापूरकडेच, सुनेच्या माहेराकडे.

"राखणदार-बिखणदार काय नसतंय," हरिओम म्हणाला, पण चार हात लांबूनच. "काठीनं उपसतो समदं."

"उपस की. तुझ्या आज्यानं उपसलं अन् काय झालं, ते गावाला ठावं हाय."

आज्याला काय झालं होतं हे कडूबाईलाही ठाऊक नव्हतं. हरिओमने विचारलं नाही. देवाधर्माचं भय त्याला फारसं नव्हतं, सापाचं मात्र होतं. त्याने बायकोला हाक मारली.

"संगीता, तू बघ गं. तुला भ्या न्हाई वाटत."

संगीता वळईपाशी वाकली ती बराच वेळ उठलीच नाही. तिने एक पेंढी अलगद बाजूला सारली, आत पाहिलं, पेंढी होती तशी लावली आणि हात झटकत उभी राहिली.

"नाग हाय," ती नवऱ्याला म्हणाली. "फणा काढून बसलाय. लई मोठा."

हरिओमने फोन काढला. टेम्पो आणू नको, म्हणून राधाकिशनला सांगत तो रस्त्याकडे चालू लागला.

कडूबाई सुनेजवळ सरकली.

"आत्या," संगीता हळूच म्हणाली, "आत पिल्लं हायती. चिमणीवाणी चिवचिवत्यात. डोळे बी उघडले न्हाईत अजून. तवर तरी वळई हलत न्हाई."

"अन् मंग?"

"मंग दुसरं कायतरी बघू. मला बी न्हाई जायाचं चाकणला."