पहिलं दळण

मी कुसगावची गिरणी बोलतेय. जरा जवळ या. जन्मभर ओरडून आता आवाज बसलाय.

१९१४ साली हौशीरामनं बैलजोडी विकून मला आणलं. गाव म्हणालं, याचं डोकं फिरलं. लोणावळ्याच्या रेल्वेत काम केलेल्या इब्राहिमनं इंजिन बसवलं, छिन्नीनं माझ्या दगडांना टाकी लावली आणि बजावलं, "भाऊ, टाकीनंतरचं पयलं दळण गुरांना घाला. त्यात दगडाची कच येती."

"पयलं दळण देवाचं," हौशीराम म्हणाला. "गुरांना कसं घालू?"

त्या पिठाच्या भाकरीचा भैरवनाथाला नैवेद्य दाखवला, गावाला प्रसाद वाटला. सगळ्यांच्या तोंडात कचकच सुरू झाली. प्रसाद थुंकायची सोय नाही, माणसं डोळे मिटून गिळत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हौशीरामची बायको कस्तुराबाई तेवढी शांतपणे घास चावून म्हणाली, "गोड हाय."

पण बायका फिरकेनात. "दगड खायाला कोन जातंय?" असं म्हणत मुक्ताबाईनं सारी आळी घरच्या जात्यावर बसवली. बैल गेलेच होते, आता मीही बंद पडणार, असं दिसू लागलं. हौशीरामचं जेवण तुटलं.

कस्तुराबाईनं मग आपलं जातं भिंतीला उभं केलं. रोज माझ्याकडेच दळायची. भातलावणीला बांधावर बायकांच्या हातावर भाकरी ठेवायची. मुक्ताबाईनं दोन भाकऱ्या नुसत्या कच शोधत खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी दळणाची पाटी घेऊन पहिली तीच हजर.

पुढची तीस वर्षं काय सांगू! कुणाची सून नांदत नाही, कुणाची म्हैस व्याली, सगळं आधी मला कळायचं. हौशीरामच्या पापण्या कायम पांढऱ्या. टाकी लागली की पहिलं दळण मात्र निमूट गुरांना जायचं.

हौशीराम गेला. लोणावळ्यात विजेची गिरणी आली, तशा पाट्याही तिकडं वळल्या. उद्या माझं इंजिन भंगारात जाणार आहे.

आज सकाळी कस्तुराबाई पायलीभर तांदूळ घेऊन आली. तिनं म्हाताऱ्या इब्राहिमकडून मला टाकी लावून घेतली. बोथट तोंडानं हिला धाडायची न्हाई, म्हणाली.

"वहिनी, हे पयलं दळण हाय," इब्राहिम म्हणाला.

"ठावं हाय. धनी म्हनायचे, पयलं दळण देवाचं."

तिनं इथंच चूल मांडून भाकरी केली. दात एकही उरला नाही तिला. कच तर होतीच, माझं मला ठाऊक. हिरड्यांनी ती कितीतरी वेळ चघळत राहिली आणि माझ्या दगडावर हात ठेवून म्हणाली, "गोड हाय."

बाबांनो, माझे दगड कुणाच्याही पायरीला लावा. फक्त हे दोन शब्द कुणी खोटे म्हणू नका.