दुसरा मायक्रोफोन

प्रमोदिनीबाईंना राग आला की त्या गप्प होत, आणि त्या गप्प झाल्या की लोकांना वाटे, बाई समजूतदार आहेत. ठाण्याच्या संगीत सभेने टेपरेकॉर्डर विकत घ्यायचं ठरवलं त्या संध्याकाळीही असंच झालं.

टेबलावर दोन यंत्रं मांडली होती. एक करड्या पेटीतलं, बोजड, उचलायला दोन माणसं लागावीत असं. पण त्याला दोन मायक्रोफोन जोडता येत आणि दोन्हींची बटणं वेगळी. दुसरं सुटकेससारखं, चामडी मुठीचं, देखणं. त्याला एका मायक्रोफोनची जागा होती आणि एक तार रेडिओसाठी. चिटणीस श्रीपादराव या दुसऱ्यावर लट्टू होते, कारण रेडिओवरचे जलसे त्यांना घरबसल्या उतरवून घ्यायचे होते. तसं ते बोलले नाहीत. प्रवासाला सोयीचं, एवढंच म्हणाले.

बाईंनी सांगून पाहिलं. यंत्र घ्यायचं मुळी कोलशेतच्या गोदा धवलारणीसाठी होतं. तिकडच्या आगरी घरांत लग्न लावायचं म्हणजे धवलारणीने धवले गायचे, आणि ते काही एकटीचं काम नव्हे. गोदाने प्रश्न घालायचा आणि तिच्या जोडीदारणीने, लक्ष्मीने, उत्तर द्यायचं. लग्नावाचून ते गायचे नसतात, त्यामुळे तालीम नाही, पुन्हा एकदा म्हणा नाही. दोघी गाणार, तर मायक्रोफोनही दोन हवेत.

"बाई, मुख्य गायिका एकच असते," श्रीपादराव म्हणाले. "दुसरी नुसती साथ."

समितीने माना डोलावल्या. सहा पुरुष, त्यातल्या एकानेही धवला कधी ऐकलेला नव्हता. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि त्या गप्प बसल्या. सुटकेस पास झाली.

गोदा सत्तरीला आली होती. नाती शाळेत जात होत्या आणि आजीच्या गाण्याची त्यांना लाज वाटत होती. परशुराम पाटलांची मुलगी तुळसा ही बाईंची विद्यार्थिनी, तिच्या लग्नात रेकॉर्डिंग करायचं ठरलं तेव्हा गोदाने बाईंचा हात धरून विचारलं होतं, "माजे मागं ह्यो कोन बोलंल? तुजे पेटीन सगला ऱ्हाईल ना, बाय?" सगळा राहील, असा शब्द बाईंनी दिला होता. लक्ष्मी शेजारीच बसलेली होती.

परशुरामने कारखान्याला जमीन दिली होती, म्हणून त्याच्या घरात वीज आली होती. लग्नाच्या सकाळी श्रीपादरावांनी मांडवात यंत्र मांडलं आणि मायक्रोफोन गोदाच्या तोंडापुढे वीतभर अंतरावर उभा केला. दोघींच्या मधोमध ठेवा, बाई म्हणाल्या. त्याने पोराबाळांचा गोंगाट येतो, आवाज स्वच्छ हवा, असं उत्तर आलं. शिवाय लक्ष्मीचा आवाज घोगरा, तिला त्या खांबापलीकडे बसवा. ते स्वतः तिच्याशी बोलेनात. बाईंनाच सांगायला लावलं.

आणि बाईंनी सांगितलं. लग्नघरात तमाशा नको, म्हणून सांगितलं. लक्ष्मी उठली आणि आपला पाट घेऊन खांबापलीकडे गेली. चाळीस वर्षं ती गोदाच्या मांडीला मांडी लावून गायली होती.

धवला सुरू झाला. गोदाने विचारलं, मांडवाला डहाळे कोणी आणले? खांबाआडून लक्ष्मीने आणणाऱ्याचं नाव घेतलं. हळद कोणी दळली? लक्ष्मीने बायकांची नावं घेतली, जिवंत आणि मेलेल्यांचीही. श्रीपादरावांचं बोट आवाज कमीजास्त करायच्या बटणावर होतं. गोदा गायली की बटण वर, लक्ष्मी गायली की खाली. बाईंनी ते डोळ्यांनी पाहिलं आणि मूग गिळून बसल्या.

चार महिन्यांनी गोदा वारली.

तिच्या नावाने सभेने ठाण्यात कार्यक्रम ठेवला. भाषण अर्थात श्रीपादरावांचं. हॉलमध्ये त्या दिवशी मायक्रोफोन दोन होते, एक श्रीपादरावांच्या तोंडाशी आणि एक यंत्रापुढे. ते बघून बाईंना हसावं की रडावं कळेना. परशुरामची माणसं मागच्या रांगेत बसली होती. त्यांच्यात लक्ष्मी होती.

टेप फिरू लागली. मांडवाला डहाळे कोणी आणले? मग नुसती खरखर. हळद कोणी दळली? पुन्हा खरखर. श्रीपादरावांनी बोट वर केलं आणि श्रोत्यांना म्हणाले, "या शांतता ऐका. अशिक्षित बाई, पण केवढी कलेची जाण! प्रश्न विचारते आणि उत्तर मौनावर सोडते."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाईंचे कान तापले. त्यांना श्रीपादरावांचा संताप आला, टाळ्या वाजवणाऱ्यांचा आला, आणि सगळ्यांहून जास्त स्वतःचा आला.

पाणी कोणी भरलं? यंत्रातून गोदाने विचारलं.

मागून घोगऱ्या आवाजात उत्तर आलं. लक्ष्मी बसल्या जागी, समोर बघत गात होती. पुढचा प्रश्न आला, तिने पुढचं उत्तर दिलं, नेमक्या खरखरीच्या जागी, एक मात्राही न चुकता. माना वळल्या. श्रीपादरावांनी ओठांवर बोट ठेवलं, मग मायक्रोफोनमधून बजावलं की मागे गडबड नको, टेप ऐकू द्या.

बाई उठल्या. व्यासपीठावर चढल्या आणि श्रीपादरावांच्या तोंडापुढचा मायक्रोफोन दांड्यासकट उचलला. अहो, अहो, करत ते मागे आले, पण बाईंनी वळून पाहिलं नाही. वायर ओढत, खुर्च्यांना अडखळत त्या शेवटच्या रांगेपर्यंत गेल्या आणि तो लक्ष्मीपुढे ठेवला. तेवढ्यात टेप संपली. रिकामं चाक फडफडत फिरत राहिलं.

लक्ष्मीने मायक्रोफोनकडे पाहिलं, मग बाईंकडे. ती गायली नाही. बोलली, आणि ते कर्ण्यांमधून साऱ्या हॉलला ऐकू गेलं.

"पेटीला एकुच कान व्हता, बाय. तुला तं देवान दोन दिलंन."