बाहेर बसण्याचे दिवस

"तुमच्या माहेरी असं आणखी कोणाला आहे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"छे हो डॉक्टर, कोणाकच नाय," सुविधा म्हणाली. "ही माझी थोरली बहीण, चंद्रावती. हिका पोर नाय झाला, पण म्हयनो कधी चुकाक नाय."

सुविधेची मुलगी गौरवी एकोणीस वर्षांची झाली, तरी तिला पाळी आली नव्हती. गोळ्या घेऊ, सुरू होईल, मग स्थळं बघू, असा बेत करून सुविधा तिला चोपड्याहून म्हापशाला घेऊन आली होती. तपासण्यांत निघालं भलतंच. गर्भाशय जन्मापासूनच नाही. जनुकातल्या बदलामुळे शरीर एका हार्मोनला दादच देत नाही. "मुलगी ती मुलगीच आहे," डॉक्टरीणबाईंनी दोनदा सांगितलं, "पण हा बदल बहुतेक वेळा आईकडून येतो."

ते ऐकूनच सुविधा ताठ झाली होती. गौरवीने मान वर केली नाही.

"म्हणजे सगळ्यांत फकत माकाच असा," ती पुटपुटली.

पन्नाशी उलटलेली चंद्रावती आतापर्यंत भिंतीला टेकून उभी होती. कोणी विचारल्याशिवाय बोलायची तिला सवयच नव्हती.

"माका पण कधी येवक नाय," ती म्हणाली.

"आक्का, कित्या खोटा सांगतंस? दर म्हयन्याक भायर बसायचंस तू!"

"खोटाच बसायचंय. आपल्या आयेन शिकवल्यान. म्हणाली, अमाशेनंतर तीन दिस बस, कोण विचारूचो नाय."

साखळी गावच्या सासरी कित्येक वर्षं ती मागच्या पडवीत, लाकडांशेजारी, न आलेली पाळी पाळत बसली. पुढे नवऱ्याने दुसरी केली आणि ती चोपड्याला बहिणीकडे आली. बिंग फुटू नये म्हणून जन्मभर धडपडली, आणि आज स्वतःच फोडलं. रडू येईल असं तिला वाटलं होतं. काहीच आलं नाही. तुमचंही रक्त घेऊ, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेव्हा तिने मुकाट्याने हात पुढे केला.

बाहेरच्या बाकावर सुविधा जरा लांबच बसली. गौरवी मात्र मावशीला चिकटून बसली.

"मावशे, सासरी कोणाक कधीच कळाक नाय?"

"एकदा चतुर्थीच्या गडबडीत बसाकच विसारलंय. सासयेक वाटला, माका दिवस गेले."

"मगे?"

"मगे काय! हातातली कळशी काढून घेतल्यान. आपल्या हातान पेज वाढूक लागली. जावांका सांगल्यान, तिका काम सांगू नकात."

"आणि तू?"

"गप रवलंय. फुडल्या म्हयन्यात जावन बसलंय भायर. सासू दारात इली, बघल्यान, काय बोलाक नाय. ताट तेवढा फुडे सरकवल्यान."

 गौरवीने मावशीचा हात हातात घेतला.

"पण तो म्हयनो बरो गेलो गो," चंद्रावती म्हणाली.