एक बोट जागा

बाबांनी पट्टीचं टोक खाचेत सरकवलं आणि कळ वरखाली करत ती आवळायला घेतली. करकर आवाज करत एकेक दाता पुढे गेला. सुहासिनीचे दोन्ही पाय आता तिच्या ताब्यात नव्हते. पाय जाड बुटांत होते, बूट पट्ट्यांत होते आणि पट्ट्या बर्फावरून घसरायच्या लांब फळीला स्क्रूंनी पक्क्या केलेल्या होत्या. फळी मात्र कर्वेनगरातल्या तिसऱ्या मजल्यावर, हॉलमधल्या सतरंजीवर, पंख्याखाली होती.

"अजून एक दाता," बाबा म्हणाले. ते समोरच्या बुटक्या स्टुलावर बसले होते. "बसला घट्ट?"

"हो."

घट्ट झाला होता, पण बसला नव्हता. तिने गुडघे किंचित वाकवले. बुटाच्या आत टाच अलगद उचलली गेली आणि पुन्हा टेकली.

गेल्या वर्षी गुलमर्गला, भाड्याच्या बुटांत, तिथल्या प्रशिक्षकाने पहिल्याच सकाळी सांगितलं होतं. सरळ उभं राहिलं की बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत, गुडघे वाकवले की मागे आली पाहिजेत, आणि टाचेने जागा सोडता कामा नये. टाच सुटली की पाय वळतो, फळी वळत नाही. सुहासिनीला ते लगेच पटलं होतं. कारखान्याच्या प्रयोगशाळेत ती यंत्रांच्या जोडांमधला ढिलेपणा मोजायचंच काम करत असे. बाहेरून कितीही आवळलं तरी आतली पोकळी भरत नाही, हे तिला कुणी समजावायला नको होतं. पोकळी तशीच राहते आणि पायाला मुंग्या येतात. मुंग्या आल्याच होत्या.

पण हे बूट बाबांनी आणले होते.

दोन वर्षं या विषयावर बाबांचं एकच उत्तर ठरलेलं होतं : पुण्यात बर्फ फक्त उसाच्या रसात घालतात. यंदा तिने प्रशिक्षक होण्याच्या परीक्षेसाठी नाव दिलं, महिन्याची रजा मंजूर करून घेतली, तेव्हा तर ते आठवडाभर तिच्याशी वर्तमानपत्राआडूनच बोलले. आणि रविवारी, कुणाला न सांगता, कॅम्पातल्या दुकानातून भलंमोठं खोकं घेऊन आले. जायचंच असेल तर धड जा, म्हणाले. त्यामुळे खोक्यात नुसते बूट नव्हते, परवानगी होती. आणि परवानगी दोन नंबर मोठी आहे, हे कसं सांगणार?

शिवाय बाबांचं सगळं मोठंच असायचं. शाळेच्या बुटात टाचेमागे त्यांचं बोट शिरलं नाही तर तो बूट परत जाई. गणवेश घोट्यापर्यंत, स्वेटर तीन हिवाळ्यांना पुरणारा. सायकल आणली, तर तिच्या पेडलपर्यंत पाय पोचायला पुढचं वर्ष उजाडलं. अलीकडे स्थळंही ते तशीच आणत, वयाने आणि पगाराने जरा ऐसपैस. पुढे बसेल, असं म्हणत.

दुपारी तिने प्रयोगशाळेतून दुकानात फोन केला होता. लहान नंबरचा जोड होता; दुकानदार तो आठ वाजेपर्यंत ठेवणार होता. परवा पहाटेचं विमान होतं. या टाचेने ती पहिल्या उतारावरच नापास होणार, हे तिला आताच दिसत होतं. घड्याळात साडेसहा झाले होते.

आई आतून कापसाची गुंडाळी घेऊन आली. शाळेत घालायचो तसा पुढे थोडा कोंबला की झालं, असं तिचं म्हणणं पडलं.

"कशाला कापूस?" बाबा म्हणाले. "नंबर बरोबर आहे. हातात घेतला तेव्हाच कळलं मला."

"तुमच्या हाताला तिचा पाय कळतो होय," आई म्हणाली आणि गुंडाळी घेऊन तिथेच खुर्चीवर बसली.

सुहासिनीने वाकून पट्ट्या सोडवल्या, बूट काढले आणि ते बाबांच्या पुढ्यात ठेवले.

"तुम्ही घालून बघता?"

"मी? या वयात?" असं म्हणेपर्यंत त्यांचा एक पाय चपलेतून बाहेर आलाही होता.

बाबांचे पाय लहानखुरे. उजवा पाय आढेवेढे न घेता आत गेला, डावाही गेला. तिने नाड्या ओढल्या, त्यांना हात देऊन फळीवर उभं केलं आणि पट्ट्या लावल्या. तीनचार दात्यांतच बूट जागेवर आले. गुडघे वाकवा, असं ती सांगणार तोच त्यांनी ते वाकवले. हात दोन बाजूंना पसरले, खांदे वळवले आणि ते बाल्कनीच्या दिशेने बघत राहिले. तिने त्यांच्या टाचेकडे पाहिलं. टाच हलली नाही.

वर पंखा फिरत होता.

"चांगले आहेत," बाबा हळूच म्हणाले. मग भानावर येऊन हात खाली घेतले. "बरं, काढ आता."

सुहासिनी गुडघ्यांवर बसली, पण तिने पट्टीला हात लावला नाही. बाबांनी स्वतः वाकून कळ दाबली. पट्टी सुटण्याऐवजी आणखी एक दाता आवळली गेली. त्यांनी पुन्हा दाबली, पुन्हा करकर झाली. आवळायची कशी, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

"बाबा," ती म्हणाली, "मला दोन नंबर लहान लागतात. दुकानात आहेत. आठपर्यंत थांबणारेत ते."

"बोटभर तरी जागा नको का?"

"नको."

बाबांनी आईकडे पाहिलं. आई कापसाची गुंडाळी घट्ट करत होती. तिने मान वर केली नाही.

"खोकं माळ्यावर टाकलंय," शेवटी बाबा म्हणाले. "स्टूल घे."

सुहासिनीने उजव्या बुटाच्या पट्ट्यांच्या बारक्या कळा वर उचलल्या. पट्ट्या आवाज न करता ढिल्या झाल्या. ती डाव्याकडे वळली, तेवढ्यात बाबांनी आपला हात मध्ये घातला.

"थांब," ते म्हणाले. "ही मला सोडू दे. कशी सोडायची ते दाखव."